प्राण्याचे मानवी वेशातील व्यक्तिचित्र: आधी मान, मग चेहरा

घरच्या कुत्र्याला पगडी-उपरण्यात किंवा मांजरीला नऊवारीत बसवून तिचे व्यक्तिचित्र रंगवण्याची हौस अनेकांना असते, आणि अशी बरीच चित्रे माझ्याकडे तपासायला येतात. त्यांतल्या बहुतेकांत चेहरा मन लावून काढलेला असतो, कपड्याचे काठ आणि चुण्याही बारकाईने आलेल्या असतात, आणि तरीही पाहणाऱ्याला बसलेली व्यक्ती दिसत नाही. कोटावर चिकटवलेले डोके दिसते. हा दोष हाताचा नसून कामाच्या क्रमाचा असतो. चेहरा आधी पूर्ण करून त्याखाली कपडे भरले, की मान आणि खांदे उरलेल्या जागेत कोंबावे लागतात, आणि या प्रकारच्या चित्राचे यशापयश नेमके तिथेच ठरते.

खालचा क्रम तैलरंगांसाठी आहे. उदाहरणादाखल १६ × २० इंचांचा उभा कॅनव्हास, कमरेपर्यंतचे चित्र, उभ्या कानांचा तांबूस गावठी कुत्रा आणि त्याच्या अंगावर लांब काळा कोट, पांढरे उपरणे व लाल पगडी असा वेश धरला आहे. ॲक्रिलिक वापरणाऱ्यांनी तेल, टर्पेंटाइन आणि वाळवणे यांच्या सूचना सोडून बाकी सगळे तसेच पाळावे.

## टप्पा १: वेशाची निवड

वेश निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, केसांचा आणि कापडाचा रंग यांत स्पष्ट फरक असावा. तांबूस कुत्र्याला काळा कोट उठून दिसतो. काळ्या लॅब्रॅडॉरला तोच कोट घातला, तर मान कुठे संपली आणि कोट कुठे सुरू झाला हे दाखवताना नवशिक्याची दमछाक होते. दुसरी, गळ्याशी काहीतरी असावे: उपरणे, शेला, उंच कॉलर किंवा गळपट्टा. युरोपातल्या जुन्या पोशाखांतली चुणीदार गोल कॉलर अशा चित्रांत इतकी वापरली जाते त्याचे कारण हेच आहे. केसाळ मान आणि मानवी खांदे यांचा अवघड सांधा तिच्याखाली झाकला जातो. तिसरी, वेश साधा असावा. जरीची पैठणी, नथ, चष्मा, पुस्तक, काठी हे सगळे एकाच चित्रात आणले, तर प्राण्याच्या चेहऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

पोशाखाची बांधणी अंदाजाने काढू नये. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वापरातल्या वस्तू आणि वस्त्रे पाहायला मिळतात, आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांचे पोशाख दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. अंगरख्याचा बंद कोणत्या बाजूला येतो किंवा पगडीचा घेर कपाळावर किती खाली बसतो, हे अशा ठिकाणी डोळ्यांनी पाहून वहीत टिपून घ्यावे.

सावधान: एखाद्या ऐतिहासिक पुरुषाचा, देवतेचा किंवा संतांचा ओळखू येणारा वेश प्राण्याला देऊ नये. वेश एखाद्या पेशाचा किंवा काळाचा असावा, विशिष्ट पूज्य व्यक्तीचा नसावा. कोणाच्या मागणीवरून चित्र करत असाल, तर ही गोष्ट काम घेण्याआधीच स्पष्ट बोलावी.

## टप्पा २: प्राण्याची छायाचित्रे

फोन हातात घेऊन कुत्र्याच्या तोंडाजवळ जाणे ही इथली सर्वांत मोठी चूक आहे. जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक फुगते, कान आणि कपाळ मागे पळतात, आणि हाच बिघडलेला चेहरा पुढे मानवी खांद्यांवर बसवला की चित्र व्यंगचित्राकडे झुकते. किमान दोन मीटर मागे उभे राहून झूम वापरावा आणि कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे जमिनीवर बसावेच लागते. वरून खाली घेतलेले छायाचित्र कितीही गोड दिसले, तरी व्यक्तिचित्राच्या कामाचे नसते.

प्रकाश एका बाजूच्या खिडकीतून येऊ द्यावा आणि घरातले दिवे बंद ठेवावेत. फ्लॅश कधीही वापरू नये: कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूस प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि बुबुळाचा खरा रंग हाती लागत नाही. चेहरा पाऊण वळलेला असावा. समोरून पाहिलेले मुस्कट थेट आपल्याकडे येत असल्याने त्याची लांबी केवळ छायाप्रकाशातून दाखवावी लागते, आणि ते काम अनुभवी हातालाही जड जाते. तोंड बंद असलेली छायाचित्रे मुद्दाम घ्यावीत. जीभ बाहेर काढलेला कुत्रा कोट-पगडीत स्थिर, भारदस्त वाटत नाही.

प्राणी हयात नसेल आणि जुन्या छायाचित्रांवरूनच काम करायचे असेल, तर एकच उत्तम छायाचित्र आधार म्हणून घ्यावे आणि बाकीची फक्त रंग व खुणा तपासण्यासाठी वापरावीत. एका छायाचित्रातले डोळे आणि दुसऱ्यातले नाक जोडले, की दोन वेगवेगळ्या प्रकाशांतला एक तिसराच कुत्रा तयार होतो.

तपासणी: कानाची चीर, छातीवरचा पांढरा डाग, भुवईवरचा ठिपका यांपैकी काय डावीकडे आहे आणि काय उजवीकडे, हे घरच्यांना विचारून लिहून घ्यावे. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रे कधी कधी आरशासारखी उलटी असतात, आणि डाग चुकीच्या बाजूला गेलेला मालकाच्या क्षणात लक्षात येतो.

## टप्पा ३: वेशाची छायाचित्रे माणसाच्या अंगावर

प्राण्याला खरेच कपडे घालून बसवण्याचा मोह टाळावा. पाठ ताठ ठेवून मागच्या पायांवर बसणे हे कुत्र्याच्या शरीराला सोसणारे नाही, विशेषतः डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या जातींना मणक्याची इजा होऊ शकते; शिवाय आपल्या उन्हाळ्यात जाड कापडात कुत्रा लवकर तापतो. आणि चित्राच्या दृष्टीनेही त्याचा उपयोग नाही, कारण कुत्र्याच्या अंगावर कोट माणसासारखा पडतच नाही.

कोट आणि उपरणे घरातल्या एखाद्या माणसाला घालायला सांगावे, त्याला त्याच खिडकीपाशी, त्याच बाजूने, दिवसाच्या त्याच वेळी बसवावे आणि कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीवर ठेवावा. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि कोटाच्या चुण्यांवर उजवीकडून पडला असेल, तर पुढे कितीही सफाईने रंगवले तरी डोके धडाचे होत नाही. बेल्जियन चित्रकार थिएरी पोन्सेले जुन्या व्यक्तिचित्रांवर माणसाच्या चेहऱ्याच्या जागी प्राण्यांची डोकी रंगवतात. तिथे धड, वेश आणि प्रकाश आधीच ठरलेले असतात आणि डोक्याला त्यांच्याशी जुळते घ्यावे लागते. आपणही तेच शिस्तीने करावे: प्रकाश धडावर ठरवावा आणि डोके त्याला जुळवावे.

## टप्पा ४: मान आणि खांद्यांचा सांगाडा

हा टप्पा कागदावर, पेन्सिलने, चित्राच्याच आकारात करायचा आहे. त्याला एक पूर्ण बैठक द्यावी.

आधी फरक समजून घ्यावा. माणसाचा कोट खांद्यांवरून लटकतो, कारण गळ्याखालची आडवी हाडे खांदे दोन्हीकडे रुंद धरून ठेवतात. कुत्र्याला तसे कामाचे गळ्याचे हाड नसते. त्याची खांद्याची पाती बरगड्यांच्या दोन्ही अंगांना चपटी टेकलेली असतात आणि छाती समोरून अरुंद, पण खोल असते. म्हणून कुत्र्याचे खरे धड कोटात घातले तर कोट खाली घसरलेला दिसतो, आणि माणसाचे रुंद खांदे जसेच्या तसे घेतले तर डोके उसने वाटते. दुसरा फरक डोक्याच्या बैठकीचा. माणसाची कवटी मणक्यावर वरून ठेवलेली असते, तर कुत्र्याची मान कवटीला मागच्या बाजूने येऊन मिळते. कुत्र्याचे डोके सरळ उभ्या मानेच्या टोकावर ठेवले, की ते खुंटीला अडकवलेल्या मुखवट्यासारखे दिसते.

रेखन या क्रमाने करावे:

१. कागदाच्या मध्यापासून किंचित एका बाजूला पाठीच्या कण्याची एक वाकडी रेघ काढावी. ती कमरेपासून वर येताना थोडी मागे झुकावी आणि खांद्यांपासून पुढे व वर यावी. ही पुढे येणारी मान हेच अशा चित्राचे रहस्य आहे.

२. त्यावर खांद्यांची रेघ काढावी. तिची रुंदी डोक्याच्या गालांपाशी मोजलेल्या रुंदीच्या साधारण दुप्पट ठेवावी आणि दोन्ही टोके उतरती करावीत. तगड्या माणसाचे चौकोनी खांदे इथे चालत नाहीत. मांजरीचे डोके आधीच रुंद असते; तिच्यासाठी दुपटीपेक्षा थोडे कमी घ्यावे.

३. आता डोक्यासाठी फक्त दोन आकार टाकावेत: कवटीचा गोल आणि त्यातून निघणारी मुस्कटाची पेटी. माथ्यापासून हनुवटीपर्यंत साडेपाच ते सहा इंच पुरतात. डोळे, नाक अजून काढायचे नाहीत.

४. हनुवटीखालून छातीपर्यंत आणि कानामागून खांद्यापर्यंत मानेच्या दोन रेघा जोडाव्यात. मान वर निमुळती आणि खाली रुंद असावी. आपल्या नजरेला माणसाची मान सवयीची असल्याने हात आपोआप नळीसारखी मान काढतो. तो मुद्दाम आवरावा.

५. शेवटी उपरण्याची पट्टी मानेभोवती गुंडाळलेली काढावी. ती मागून पुढे येते, म्हणजे मागे उंच आणि पुढे खाली असते. सपाट आडवी पट्टी काढली की मानेचा गोलपणा जातो.

तपासणी: डोक्याचा भाग कागदाने झाका. खाली उरलेले धड एखाद्या बसलेल्या, श्वास घेणाऱ्या व्यक्तीचे वाटते का? मग धड झाका. डोके तुमच्याच कुत्र्याचे, त्याच्या ठेवणीचे वाटते का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी आल्याशिवाय कॅनव्हासला हात लावू नये.

## टप्पा ५: कान, पगडी, चष्मा आणि हात

माणसाचे कान डोळे आणि नाक यांच्या पातळीत असतात, कुत्र्याचे डोक्याच्या वरच्या कोपऱ्यांवर. डोक्यावर घालायच्या प्रत्येक वस्तूची अडचण इथून सुरू होते. उभ्या कानांच्या कुत्र्याला पगडी दोन कानांच्या मध्ये बसवावी, तिचा पुढचा काठ भुवयांच्या थोडा वर यावा आणि कान तिच्या दोन्ही बाजूंनी किंचित बाहेर ढकललेले दाखवावेत. कान पूर्ण झाकले तर जातीची ओळखच जाते. लॅब्रॅडॉरसारख्या पडत्या कानांच्या कुत्र्याला हे सोपे जाते, कारण पगडीखालून उतरणारे कान कल्ल्यांसारखे शोभतात. पगडीची सावली कपाळावर पडलीच पाहिजे, नाहीतर ती तरंगते.

चष्म्याच्या काड्यांना अडकायला कानच नाहीत. त्यामुळे काड्या गालांवरच्या केसांत शिरताना दाखवाव्यात किंवा दोरीचा चष्मा घ्यावा. चष्मा मुस्कटाच्या मध्यावर न ठेवता, मुस्कट कपाळाला जिथे मिळते त्या खाचेत टेकवावा.

हातांबाबत एकच निर्णय घ्यावा आणि तो शेवटपर्यंत पाळावा: पंजे, माणसाचे हात किंवा झाकलेले हात. पंजाला पकडायला अंगठा नाही, म्हणून पंजात लेखणी किंवा चहाचा कप दिला की तो चिकटवल्यासारखा दिसतो. खुर्चीच्या हातावर, पुस्तकावर किंवा काठीच्या मुठीवर नुसता टेकवलेला पंजा मात्र अगदी स्वाभाविक वाटतो. इंग्रज चित्रकार एडविन लँडसिअर यांनी १८४०च्या सुमारास रंगवलेल्या, कुत्र्यांचे न्यायालय दाखवणाऱ्या प्रसिद्ध चित्रात न्यायाधीशाच्या जागी पूडल जातीचा पांढरा कुत्रा आहे. त्याच्या कानांचे लांब केसच न्यायाधीशाच्या केसांच्या टोपासारखे दिसतात आणि त्याचा पंजा समोर नुसता टेकलेला आहे. प्राण्याच्या अंगात जे आहे त्यातूनच माणूसपण काढण्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. पहिल्या चित्रात हात उपरण्याखाली किंवा शालीत घ्यावेत, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

## टप्पा ६: कॅनव्हास आणि तळरंग

तयार कॅनव्हासवरही जेसोचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलके घासावे. खरखरीत पृष्ठभागावर मुस्कटाचे बारीक केस उठत नाहीत. मग बर्न्ट अंबर ॲक्रिलिकचा पातळ, मध्यम गडद तळरंग लावावा. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक कधीही चालत नाही. तळरंग वाळल्यावर कागदावरचे रेखन उतरवून घ्यावे.

सावधान: घरात प्राणी आहे हे विसरू नये. टर्पेंटाइन कुत्र्या-मांजरांना विषारी असते, आणि मांजर अंगाला लागलेला रंग चाटून पोटात घेते. भांड्याला झाकण हवे आणि ओले चित्र बंद खोलीत हवे. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. तो आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून मगच टाकाव्यात.

## टप्पा ७: मोठे भाग

रंग मोजकेच घ्यावेत: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि अलिझरीन क्रिमझन. काळा कोट अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणातून करावा, कारण तयार काळा रंग एकट्याने वापरला की कापडाच्या जागी भोक पडल्यासारखे दिसते.

आधी पार्श्वभूमी, मग कोट, मग उपरणे आणि पगडी, आणि शेवटी डोके. चेहऱ्याची ओढ सर्वांनाच असते, म्हणून हा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा. पहिल्या थरात रंग टर्पेंटाइनने पातळ करावा आणि पुढच्या थरांत तेलाचे प्रमाण वाढवत न्यावे. उलट केले तर वरचा थर आधी वाळून पुढे तडे जातात. या थरात एकही केस काढायचा नाही. उजेडातला भाग, सावलीतला भाग आणि मधला भाग एवढेच मोठ्या चपट्या ब्रशने बसवावे. गडद, साधी पार्श्वभूमी पुरते. मागे वाडा, झुंबर, पडदे यांची गर्दी नको.

तपासणी: चित्राचे छायाचित्र काढून फोनवर कृष्णधवल करून पाहा. कोटाची सावली आणि हनुवटीखालची सावली एकाच दिशेला पडल्या आहेत का, हे रंग गेल्यावर स्वच्छ दिसते.

## टप्पा ८: डोळे आणि नाक

प्राण्याला माणसाचे भाव देण्यासाठी लोक डोळ्यांत पांढरा भाग वाढवतात, वर भुवई काढतात आणि ओठांचे कोपरे उचलतात. हे तिन्ही करू नये. शांत बसलेल्या कुत्र्याच्या डोळ्यात पांढरा भाग जेमतेम कोपऱ्यात दिसतो. तो वाढवला की नजर घाबरलेली वाटते. माणूसपण बसण्याच्या ढबीतून आणि वेशातून आलेच आहे, चेहरा प्राण्याचाच राहू द्यावा. डोळ्यातली बाहुली कुत्र्याची गोल, मांजरीची उजेडात उभी फट आणि शेळीची आडवी असते, एवढी खात्री मात्र करावी.

बुबुळ रंगवताना वरचा भाग पापणीच्या सावलीने गडद आणि प्रकाश येतो त्याच्या विरुद्ध बाजूचा खालचा भाग उजळ ठेवावा. चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत खिडकीच्याच बाजूला द्यावा आणि तो शुद्ध पांढरा न घेता किंचित निळसर घ्यावा. नाकाच्या बोंडीवर वरच्या कडेला खिडकीचा थंड, निळसर उजेड आणि नाकपुड्यांत ऊबदार तपकिरी काळोख आला, की ते ओलसर दिसते.

## टप्पा ९: केस आणि कापड यांची भेट

केसांच्या दिशेचा नकाशा आधी एका कागदावर बाणांनी काढावा: नाकापासून मागे, दोन डोळ्यांमधून वर, गालांवरून मागे आणि खाली, गळ्यावर सरळ खाली. दिशा चुकली तर हजार केस काढूनही चेहऱ्याची ठेवण बिघडते. केस सगळीकडे काढू नयेत. उजेड आणि सावली जिथे मिळतात तिथे आणि बाह्यरेषेवर ते लागतात; सावलीच्या पोटात मऊ, सपाट रंगच ठेवावा.

आता उपरण्याची कड. खाली झाकलेल्या मानेचे केस दाबले जातात आणि कडेशी येऊन थोडे बाहेर वळतात. म्हणून उपरण्याचा रंग ओला असतानाच गळ्याचे काही केस बारीक गोल ब्रशने कापडावर ओढून घ्यावेत, तेही सगळीकडे सारखे नव्हे: एका ठिकाणी दाट झुबका, मग थोडी मोकळी जागा, मग दोन-चार सुटे केस. उरलेल्या भागात उलट करावे, म्हणजे कापडाची कड केसांवर यावी आणि तिची बारीक सावली केसांत पडावी. कुठे केस वर, कुठे कापड वर, अशी गुंफण झाली की डोके आणि धड एकाच शरीराचे होतात. हनुवटीची सावली उपरण्यावर पडायला हवी, आणि पांढऱ्या उपरण्याचा उजेड हनुवटीखालच्या केसांवर थोडा परतायला हवा. पुष्कळ चित्रांत हा परतणारा उजेडच राहून गेलेला असतो.

मिशा सर्वांत शेवटी, खालचा थर पूर्ण वाळल्यावर, लांब केसांच्या लायनर ब्रशने आणि पातळ केलेल्या रंगाने, मुळापासून टोकाकडे एका झटक्यात ओढाव्यात. हात थरथरला तर लगेच कपड्याने पुसून पुन्हा ओढावी. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा ब्रश फिरवू नये.

## टप्पा १०: वाळवणे आणि वार्निश

कोरड्या हवेत अंबरचा पातळ थर दोन-तीन दिवसांत हाताला कोरडा लागतो; पांढऱ्याचे जाड भाग कितीतरी अधिक वेळ घेतात, आणि पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हा काळ आणखी लांबतो. ओले चित्र भिंतीला टेकवून ठेवू नये, मागून हवा न लागल्यास कॅनव्हासला बुरशी धरते. अखेरचे वार्निश किमान सहा महिन्यांनी लावावे. मागणीचे चित्र लवकर द्यावे लागत असेल, तर ते वार्निश न करता द्यावे, सहा महिन्यांनी परत आणायला सांगावे आणि ही तारीख प्राण्याच्या नावासह कॅनव्हासच्या मागे लाकडी चौकटीवर लिहून ठेवावी.